आकाशाचा सातबारा

२० जुलै १८९७ या दिवशी लंडनमध्ये एक लाख पौंड भांडवलाची एक कंपनी नोंदवली गेली. नाव होतं 'वायरलेस टेलिग्राफ अँड सिग्नल कंपनी'. बरोबर चाळीस वर्षांनी, २० जुलै १९३७ च्या पहाटे, ही कंपनी ज्याच्या शोधावर उभी राहिली तो माणूस रोममध्ये हृदयविकारानं गेला. त्याचं नाव गुल्येल्मो मार्कोनी.

शाळेच्या पुस्तकात मार्कोनी आपल्याला एका गुणाच्या प्रश्नात भेटतो. रेडिओचा शोध कोणी लावला? मार्कोनीनं. गुण मिळाला, विषय संपला. पण माझी उभी नोकरी बँकेत गेली. कर्जाचा अर्ज समोर आला की अर्जदाराच्या जन्मतारखेआधी कंपनीच्या नोंदणीची तारीख पाहायची, ही तिथं जडलेली खोड. त्याच खोडीनं मार्कोनीकडे पाहिलं, तेव्हा मला पुस्तकातल्यापेक्षा वेगळाच माणूस दिसला. प्रयोगशाळेत रमणारा ऋषितुल्य शास्त्रज्ञ तो नव्हता. दुसऱ्याची मक्तेदारी मोडायला निघालेला आणि ती मोडता मोडता स्वतःची मक्तेदारी उभी करू पाहणारा तो एक विलक्षण जिद्दीचा धंदेवाईक होता. त्याची ही दोन्ही रूपं एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत, आणि त्यातच त्याच्या आयुष्याची खरी गोष्ट आहे.

ती समजायची तर आधी समुद्राच्या तळाशी जायला हवं. मार्कोनी जन्मला त्या काळात जगातल्या बातम्या समुद्रतळावर अंथरलेल्या तारांतून धावत होत्या. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अजस्र जहाजानं अटलांटिक महासागरात टिकाऊ तार अंथरली. त्याच जहाजानं १८७० मध्ये मुंबई ते एडन अशी तार टाकली आणि मुंबई लंडनला जोडली गेली. या साऱ्या उद्योगाचा सम्राट होता जॉन पेंडर. त्याच्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीचं जाळं अर्ध्या जगावर पसरलं होतं. समुद्रात तार टाकायची म्हणजे प्रचंड भांडवल हवं, जहाजं हवीत, सरकारची मर्जी हवी. नव्या माणसाची तिथं उभं राहायची छाती नव्हती. त्यामुळे दर कंपनी सांगेल तो. शब्दाशब्दाला पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांची जाडजूड पुस्तकं तयार केली होती. एका शब्दात एक अख्खं वाक्य बसवायचं. मी बँकेत लागलो तेव्हाही परदेशी तारेतला प्रत्येक शब्द तोलूनमापून लिहायची शिस्त शिल्लक होती. आमचे एक वरिष्ठ तारेच्या मसुद्यावर लाल पेन्सिल अशी चालवत, की निंदणीला बसलेली बाईच जणू. ती काटकसर कुठून आली असेल, हा प्रश्न त्या वयात कधी मनातही आला नाही. तिची मुळं पेंडरच्या तारांपर्यंत जातात.

अशा जगात २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात मार्कोनीचा जन्म झाला. वडील जुझेप्पे हे खाऊनपिऊन सुखी जमीनदार. आई ॲनी ही आयर्लंडमधल्या जेमसन या नामांकित व्हिस्की गाळणाऱ्या घराण्यातली. मुलाला इंग्रजी आलं ते आईकडून, आणि पुढे लंडनची दारं उघडली तीही तिच्याच नातेवाइकांमुळे. शिक्षणात मात्र घोडं पेंड खात होतं. विद्यापीठात रीतसर प्रवेश काही मिळाला नाही. शेजारात राहणारे बोलोन्याचे प्राध्यापक आउगुस्तो रिगी यांनी या मुलाला आपली प्रयोगशाळा आणि व्याख्यानं खुली केली, एवढाच काय तो त्याचा विज्ञानाचा पाया.

१८९४ मध्ये हाइनरिश हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ ऐन तारुण्यात वारला. विजेच्या ठिणगीतून निघणाऱ्या अदृश्य लहरी त्यानं प्रयोगानं सिद्ध केल्या होत्या. रिगींनी त्याच्यावर लिहिलेला मृत्युलेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. या लहरींवरून संदेश का पाठवू नये? हर्ट्झनं लहरी दाखवल्या होत्या. फ्रान्सच्या ब्रानलीनं त्या ओळखणारी, धातूचा कीस भरलेली काचेची नळी बनवली होती. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजनं ती सुधारली होती. सामान सगळं बाजारात होतं, स्वयंपाक कोणी करत नव्हतं. पोंतेक्योच्या वडिलोपार्जित घराच्या माळ्यावर या पोरानं तो मांडला. वडील कुरकुरले, पण पैसे देत राहिले. आई पाठीशी होतीच. १८९५ मध्ये त्यानं यंत्राचं एक टोक उंच हवेत नेलं आणि दुसरं जमिनीत पुरलं. संदेशाचा पल्ला एकदम वाढला. थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला आणि संदेश पोचल्याची खूण म्हणून त्यानं बंदुकीचा बार काढला. मधली टेकडी लहरींना अडवू शकली नव्हती.

इथवरची गोष्ट कल्पक मुलाची. पुढची व्यापाऱ्याची. १८९६ च्या फेब्रुवारीत तो आईबरोबर लंडनला गेला. इंग्लंड म्हणजे तेव्हा जगातलं सर्वात मोठं आरमार आणि सर्वात मोठा जहाजांचा धंदा. जमिनीवर तारा टाकता येतात, चालत्या जहाजाला तार कुठून बांधणार? गिऱ्हाईक कोण, हे या एकवीस वर्षांच्या पोरानं अचूक हेरलं होतं. २ जून १८९६ रोजी त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याला हाताशी धरलं, खात्याची माणसं दिली, प्रयोग घडवून आणले. पण पेटंट हाती पडलं, आणि मार्कोनीनं सरकारी आधार सोडून आईकडच्या नात्यातल्या हेन्री जेमसन डेव्हिसच्या मदतीनं स्वतःची कंपनी काढली. पेटंटांच्या बदल्यात त्याला पंधरा हजार पौंड रोख आणि एक लाखांपैकी साठ हजार शेअर मिळाले. प्रीस दुखावले ते कायमचे.

कंपनी निघाली खरी, पण विकायचं काय? इंग्लंडमध्ये पैसे घेऊन तार पाठवण्याचा हक्क कायद्यानं टपाल खात्याकडे होता. त्यातून मार्कोनीच्या कंपनीनं जी वाट काढली, ती त्याच्या पुढच्या साऱ्या यशाचं आणि साऱ्या भांडणांचं मूळ ठरली. कंपनी जहाजांना यंत्र विकत नसे, भाड्यानं देई. यंत्राबरोबर ते चालवणारा माणूसही कंपनीचाच. किनाऱ्यावरची केंद्रंही कंपनीची. म्हणजे कागदोपत्री हा कंपनीचा स्वतःशीच चाललेला संवाद. कायद्यानं एक दार बंद केलं होतं, त्यानं भिंतीला दुसरं पाडलं. मग आपल्या दाराला त्यानं कुलूप लावलं. संकटाची हाक सोडली, तर मार्कोनीच्या केंद्रानं दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलेल्या जहाजाशी बोलायचं नाही, असा दंडक घातला गेला.

१९०० च्या एप्रिलमध्ये त्यानं आणखी एक पेटंट मिळवलं. त्याचा क्रमांक ७७७७. अनेक केंद्रं एकाच वेळी बोलू लागली की लहरींचा कालवा होतो, बाजारात सगळ्यांनी एकदम ओरडावं तसा. प्रत्येक केंद्राला आपापला सूर ठरवून देण्याची, आपण रेडिओची खुंटी पिळून स्टेशन लावतो त्या जुळवणीची, पद्धत या पेटंटात होती. लॉजनं १८९७ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. पुढे कज्जेदलाली टाळण्यासाठी मार्कोनी कंपनीनं तेही विकत घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं, तर मार्कोनी आकाशाचा सातबारा आपल्या नावावर चढवत होता.

याच सुमारास त्यानं ईस्टर्नसारख्या बलाढ्य केबल कंपन्यांच्या काळजालाच हात घातला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये पोल्धू इथं त्यानं वीस उंच खांबांचं वर्तुळ उभारलं. १९०१ च्या सप्टेंबरात वादळानं ते आडवं केलं. नोव्हेंबरात अमेरिकेच्या केप कॉडचे खांबही कोसळले. दुसरा कोणी असता तर हात टेकून बसला असता. मार्कोनी केम्प आणि पेजेट या दोन साहाय्यकांना घेऊन न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर गेला आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, सोसाट्याच्या वाऱ्यात त्यानं पतंग उडवला. संदेश टिपणारी तार पतंगाला बांधलेली होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून त्याला तीन टिंबांची क्षीण टिकटिक ऐकू आली. मोर्सच्या लिपीत ते इंग्रजी 'एस' हे अक्षर. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास महासागर ओलांडून ते आलं होतं.

भरदुपारी त्या लहरी खरोखर तिथवर पोचल्या असतील का, याबद्दल जाणकारांमध्ये आजही वाद आहे. पण दोनच महिन्यांनी 'फिलाडेल्फिया' जहाजावर त्यानं कागदी फितीवर संदेश उमटवून घेतले आणि शंकेखोरांची तोंडं बरीचशी बंद केली. सर्वात आधी विश्वास ठेवला तो मात्र त्याच्या वैऱ्यांनी. न्यूफाउंडलंडमधल्या तारेची मक्तेदारी अँग्लो-अमेरिकन टेलिग्राफ कंपनीकडे होती. तिनं लगोलग कायदेशीर नोटीस देऊन त्याला प्रयोग बंद करायला सांगितलं. एखाद्या शोधाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? खोटं असतं तर कोणी वकिलाची फी भरली नसती. कॅनडानं ही संधी साधली. सरकारनं ऐंशी हजार डॉलर दिले, जागा दिली, आणि बदल्यात दर ठरवून घेतला. केबलचा दर शब्दाला पंचवीस सेंट होता, मार्कोनीनं तो दहा सेंटांवर ठेवायचा होता. नवा शोध आणि स्पर्धा एकत्र आल्या की सामान्य माणसाच्या पदरात काय पडतं, ते या एका आकड्यात दिसतं. नियमित व्यापारी सेवा सुरू व्हायला मात्र १९०७ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर भागधारकांना लाभांशाचं तोंड दिसलं नव्हतं, आणि पुढेही काही वर्षं दिसलं नाही. इतका धीर धरणारे भागधारक आमच्या बँकेच्या दारात कधी आले नाहीत, एवढं सांगतो.

केबलवाले गप्प बसले नव्हते. ईस्टर्न कंपनीनं नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराला हाताशी धरलं. घराण्याचा धंदा जादूचा, पण बिनतारी विद्येत हा गडी पटाईत. त्यानं कॉर्नवॉलमध्ये खांब उभारून मार्कोनीचे संदेश चोरून ऐकले आणि ते खासगी राहत असल्याच्या दाव्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. १९०३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग मार्कोनीच्या पद्धतीचं प्रात्यक्षिक देत होते. मार्कोनी पोल्धूहून संदेश पाठवणार होता. त्याआधीच यंत्र टिकटिकू लागलं आणि उंदीर या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला. मागोमाग मार्कोनीची टर उडवणारी कवनं आली. जवळच्याच एका ठिकाणाहून मॅस्केलिन ती पाठवत होता. आज आपण ज्याला हॅकिंग म्हणतो, त्याचा हा एक पहिला नमुना. हेतू द्वेषाचा, पण काम उपयोगाचं. दुसऱ्याची कुलपं किती पोकळ आहेत, हे प्रतिस्पर्धी जितक्या आवडीनं दाखवतो तितकं कोणी दाखवत नाही.

मार्कोनीच्या कुलपाचा खरा जाच झाला तो समुद्रावर. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ राजपुत्र हाइनरिश 'डॉइचलांड' जहाजानं अमेरिकेहून परतत होता. जहाजावर जर्मन बनावटीचं यंत्र होतं. किनाऱ्यावरच्या मार्कोनी केंद्रांनी त्याला दाद दिली नाही, अशी तक्रार झाली आणि सम्राटाचा पारा चढला. जर्मनीनं दोन गोष्टी केल्या. आपसात भांडणाऱ्या दोन जर्मन गटांना एकत्र आणून १९०३ मध्ये 'टेलिफुंकेन' ही तगडी कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये राष्ट्रांची परिषद भरली आणि १९०६ च्या दुसऱ्या परिषदेत नियम झाला, की यंत्र कोणाचंही असो, किनाऱ्यावरच्या केंद्रानं प्रत्येक जहाजाशी बोललंच पाहिजे. ब्रिटन आणि इटलीनं आढेवेढे घेतले, पण वारं फिरलं होतं. आज तुमचा फोन एका कंपनीचा आणि माझा दुसऱ्या कंपनीचा असला तरी आपण बोलू शकतो. या साध्या गोष्टीमागे ही भांडणं आहेत.

आपल्याकडचा वाचक इथं विचारणार, आणि आमचे जगदीशचंद्र बोस? प्रश्न रास्त आहे. १८९५ मध्ये कोलकात्यात बोसांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि दारू पेटवून दाखवली होती. त्यांच्या लहरी फार आखूड होत्या आणि त्यांचं काम कित्येक बाबतीत काळाच्या पुढे होतं. पाऱ्याचा उपयोग करणारी लहरी ओळखायची त्यांची युक्ती १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. सिग्नल हिलवर मार्कोनीनं वापरलेलं यंत्रही पाऱ्याचंच होतं. ते त्याला इटालियन नौदलाकडून मिळालं होतं आणि त्यामागे बोसांचीच युक्ती आहे, असं मांडणारा एका भारतीय अभियंत्याचा शोधनिबंध १९९८ मध्ये गाजला. बोसांना पेटंट घेण्याचं वावडं होतं. मित्रांच्या आग्रहानं घेतलेलं एक अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं, त्याचाही त्यांनी धंदा केला नाही. एकानं ज्ञान उघड्यावर ठेवलं, दुसऱ्यानं ते कुलपात घालून धंदा उभारला. मनानं मी बोसांच्या बाजूचा. पण बँकेच्या खुर्चीत बसलेला माझ्यातला दुसरा माणूस म्हणतो, की बोटीबोटीवर यंत्र बसवायला भांडवल लागतं आणि परताव्याची आशा नसेल तर भांडवल कोणी घालत नाही. हे भांडण माझ्या मनात आजही मिटलेलं नाही.

१९०९ मध्ये मार्कोनीला भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ते त्याला वाटून घ्यावं लागलं आणि वाटेकरी होता कार्ल फर्डिनांड ब्राउन, ज्याच्या संशोधनावर टेलिफुंकेन उभी होती. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या दोन कंपन्यांचे आधारस्तंभ स्टॉकहोममध्ये एकाच पंगतीला बसले.

मग आली १४ एप्रिल १९१२ ची रात्र. 'टायटॅनिक'वर मार्कोनी कंपनीचे दोन तरुण ऑपरेटर होते, जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड. त्याआधी यंत्र बिघडलं होतं, ते खटपट करून त्यांनी दुरुस्त केलं. तोवर धनाढ्य प्रवाशांच्या खुशालीच्या तारांचा ढीग साचला होता. कंपनीची कमाई त्या तारांवर. फिलिप्स तो ढीग उपसत असताना जवळच्या 'कॅलिफोर्नियन' जहाजानं बर्फाची खबर द्यायला सुरुवात केली. फिलिप्सनं त्याला मध्ये बोलू नकोस म्हणून गप्प केलं. थोड्या वेळानं त्या जहाजाचा एकुलता एक ऑपरेटर यंत्र बंद करून झोपायला गेला आणि काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळलं. पुढे दोन तास फिलिप्स मदतीसाठी हाका मारत राहिला आणि त्या थंडगार पाण्यातच संपला. ब्राइड वाचला. 'कार्पेथिया' जहाजानं हाक ऐकली, ते धावून आलं आणि सातशेच्या वर जीव वाचले. मार्कोनीचं यंत्र नसतं तर त्यांचीही आशा फार थोडी होती, हे खरं. पण जवळच्या जहाजावर आणखी एक माणूस जागा असता तर आणखी किती वाचले असते, हेही विचारायला हवंच. मोठ्या जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी चोवीस तास पहारा हवा हा नियम झाला तो त्यानंतर. तो बाजारानं आपणहून केला नाही, स्पर्धेनंही नाही. दीड हजार माणसं बुडाल्यावर सरकारांनी केला.

मार्कोनी त्या काळात कीर्तीच्या शिखरावर होता. पण शिखरावर वारा फार. त्याच वर्षी साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारायचं कंत्राट त्याच्या कंपनीला मिळालं आणि ब्रिटनच्या काही मंत्र्यांनी अमेरिकन मार्कोनी कंपनीचे शेअर घेतल्याचं बाहेर आलं. कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक गॉडफ्री आयझॅक्स हा एका मंत्र्याचा सख्खा भाऊ. संसदीय समितीनं १९१३ मध्ये मंत्र्यांना दोषमुक्त केलं, पण 'मार्कोनी प्रकरण' हा शब्द राजकारणात राहिला. शेअर घेणाऱ्यांत मार्कोनी नव्हता, नाव मात्र त्याचं चिकटलं. १९१२ च्या सप्टेंबरात इटलीत मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला.

घरातही सुख टिकलं नाही. १९०५ मध्ये बिअॅट्रिस ओब्रायन या आयरिश सरदारकन्येशी लग्न झालं. पहिली मुलगी काही आठवड्यांतच गेली. पुढे तीन मुलं झाली, पण बाप सदा बोटीवर. जगाला जोडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराशी जोडलेलं राहणं जमलं नाही. १९२४ मध्ये घटस्फोट झाला, १९२७ मध्ये मारिया क्रिस्तिना बेत्सी-स्काली हिच्याशी दुसरं लग्न. १९३० मध्ये झालेल्या मुलीचं नाव ठेवलं एलेत्रा. त्याच्या लाडक्या बोटीचंही नाव तेच. या बोटीवर त्यानं तरंगती प्रयोगशाळाच थाटली होती.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेनं त्याला त्याच्याच औषधाची मात्रा दिली. आपलं बिनतारी दळणवळण परकीयांच्या हाती नको, म्हणून तिथल्या सरकारच्या दबावाखाली १९१९ मध्ये अमेरिकन मार्कोनी कंपनी 'आरसीए' या नव्या कंपनीत विलीन झाली. ज्या देशात त्यानं वीस वर्षं पाय रोवले, तिथून त्याचं नावच पुसलं गेलं.

पण खरा नवा डाव तो पन्नाशीत खेळला. तोवर लांब पल्ल्यासाठी लांब लहरी आणि अवाढव्य, वीज खाणारी केंद्रं हेच सूत्र होतं, आणि ते घालून दिलं होतं त्यानंच. चार्ल्स फ्रँकलिन या आपल्या अभियंत्याबरोबर त्यानं उलट वाट धरली. आखूड लहरी आणि त्या एकाच दिशेनं फेकणारं एरियल. १९२३ मध्ये पोल्धूहून निघालेल्या अशा लहरी त्यानं 'एलेत्रा'वर थेट आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या समुद्रात टिपल्या. थोड्या विजेत, थोड्या खर्चात, दिवसाउजेडीही संदेश पोचत होते. स्वतःची वीस वर्षांची गुंतवणूक मोडीत काढणारा शोध स्वतःच लावायला धाडस लागतं. पुष्कळ कंपन्या बुडतात त्या हे धाडस नसल्यामुळेच.

या 'बीम' पद्धतीनं १९२६ मध्ये लंडन कॅनडाला जोडलं गेलं, १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारताला. भारतातलं प्रक्षेपण केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंड स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहते. चहा घेत आपण कंटाळतो, पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेले संदेश एके काळी याच गावच्या माळावर उतरत होते. बीमचा दर स्वस्त, वेग दांडगा. काही महिन्यांतच केबल कंपन्यांचं गिऱ्हाईक पळू लागलं. पेंडरचं साम्राज्य हादरलं.

आता कोणालाही वाटेल की मार्कोनी जिंकला. पण तारा बंद पडल्या तर युद्धात गुप्त निरोप कुठून पाठवायचे, ही ब्रिटिश सरकारची चिंता. १९२८ मध्ये परिषद बोलावली गेली आणि १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी यांची मोट एका कंपनीत बांधली गेली. १९३४ मध्ये तिचं नाव 'केबल अँड वायरलेस' झालं. तिच्यात केबलवाल्यांचा वाटा मोठा होता. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला गिळलं. मार्कोनीनं कंपनीचं अध्यक्षपद १९२७ मध्येच सोडलं होतं, हृदय दुखणं देऊ लागलं होतं. स्पर्धा संपली आणि मक्तेदारी परत आली, या वेळी सरकारच्या आशीर्वादानं. भारतातही दोन्ही कंपन्या १९३२ मध्ये एक झाल्या. १९४७ च्या आरंभी सरकारनं तो कारभार ताब्यात घेतला आणि त्यातूनच पुढे १९८६ मध्ये विदेश संचार निगम जन्मला.

अखेरच्या वर्षांवर एक काळी सावली आहे आणि ती झाकून चरित्र सांगणं अप्रामाणिकपणा ठरेल. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षाचा सदस्य झाला. १९३० मध्ये मुसोलिनीनं त्याला इटलीच्या शाही अकादमीचा अध्यक्ष केलं. त्याच्या अध्यक्षतेच्या काळात त्या अकादमीत एकाही ज्यू विद्वानाची वर्णी लागली नाही. आकाश सर्वांसाठी खुलं करणाऱ्या माणसानं विद्येचं दार काहींसाठी बंद ठेवण्यात भाग घेतला. तो गेला तेव्हा ब्रिटनमधली प्रक्षेपण केंद्रं दोन मिनिटं मूक राहिली. त्याच्यामुळे बोलतं झालेलं आकाश त्याच्यासाठी गप्प झालं, याहून मोठा मान शास्त्रज्ञाला मिळत नसेल. तो मान आणि ती सावली, दोन्ही त्याचीच.

त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९४३ च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जुळवणीच्या त्याच्या अमेरिकन पेटंटातले महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. लॉज, टेस्ला आणि स्टोन यांनी ते आधीच केलं होतं, असा निष्कर्ष निघाला. कंपनीचं नाव मात्र टिकलं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या 'जीईसी' या जुन्या, रोकडसंपन्न उद्योगानं आपले बाकीचे धंदे विकून तेच नाव घेतलं आणि ऐन तेजीत, चढ्या भावानं अमेरिकन दूरसंचार कंपन्या विकत घेतल्या. २००१ मध्ये तेजी ओसरली, शेअर कोसळला आणि २००६ मध्ये उरलेला बहुतेक धंदा स्वीडनच्या एरिक्सनकडे गेला. नावाची पुण्याई ताळेबंदात धरता येते, पण तिच्यावर घर चालत नाही.

मग मार्कोनीकडून घ्यायचं काय? एक तर हे, की मक्तेदारी कायद्याच्या आधी नव्या कल्पनेला घाबरते. केबल कंपन्यांना पतंग उडवणाऱ्या एका पोरानं घाम फोडला. दुसरं हे, की असा पोर मोठा झाला की त्यालाही कुंपण घालावंसं वाटतं. त्यात नवल नाही, तो मनुष्यस्वभाव आहे. म्हणून कुंपण घालणाऱ्याकडून कुंपण काढायची अपेक्षा ठेवू नये. ते काम दुसऱ्या कोणी करायचं असतं. कधी टेलिफुंकेनसारखा प्रतिस्पर्धी ते करतो, कधी बर्लिनची परिषद, कधी न्यायालय.

आपल्याकडे ते न्यायालयानं केलं. ध्वनिलहरी वाहून नेणाऱ्या आकाशातल्या या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी देशात मोबाइल फोन आला. त्या लहरींचं वाटप नीट झालं नाही म्हणून २०१२ मध्ये त्याच न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. खडकी-दौंडच्या माळावर आखूड लहरी उतरल्यापासून तोवर पंचाऐंशी वर्षं लोटली होती. आकाशाचा सातबारा कोणाच्या नावावर, हा मार्कोनीच्या वेळचा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर तसाच उभा आहे. त्या उताऱ्यावर कूळ म्हणून कोणीही राहावं, यंत्रं बसवावीत, नफाही कमवावा. मालकाच्या रकान्यात मात्र तुमचं-आमचंच नाव असायला हवं, आणि ते तिथं आहे की नाही हे अधूनमधून उतारा काढून पाहायला हवं.